शाळेपूर्वीची वर्षे : लहान मुलांच्या वागण्यातील व भावनांतील अडचणी

मूल अडीच-तीन वर्षांचे झाले म्हणजे घरातील माणसांचा त्याच्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन हळूहळू पालटू लागतो. तान्ह्या बाळाने रात्री दोनदा रडून घर उठविले, तर त्याला कोणी दोष देत नाही. पण तीन वर्षांच्या मुलाने हवी ती वाटी मिळाली नाही म्हणून जमिनीवर अंग टाकले, तर ते 'हट्टी' ठरते. दुसऱ्या एका घरी तेवढ्याच वयाची मुलगी पाहुण्यांसमोर तोंड उघडत नाही, बालवाडीच्या दारात आईचा पदर सोडत नाही. तिला 'लाजाळू' म्हणतात आणि बहुधा त्याचे कौतुकही होते. तिसऱ्या घरचे मूल सोबत्यांना चावते, हातातील वस्तू फेकते; त्याला 'द्वाड' हे नाव मिळते. एकदा नाव दिले की मूल असे का वागते याचा विचार बहुधा तेथेच थांबतो.

या बाबतीत वडील माणसांच्या हातून दोन प्रकारच्या चुका होण्याचा संभव असतो. प्रत्येक रडण्यात व प्रत्येक रुसव्यात विकार पाहणे ही पहिली चूक. 'मोठे झाले की आपोआप सुटेल' असे म्हणून प्रत्येक लक्षणाकडे पाठ फिरविणे ही दुसरी. पहिल्या चुकीमुळे निरोगी मुलाच्या आईबापांना विनाकारण घोर लागतो. दुसरीमुळे ज्या मुलाला साहाय्याची खरी गरज आहे त्याची मोलाची वर्षे वाया जातात. या दोन्ही चुका टाळावयाच्या असतील, तर या वयात स्वाभाविक काय आणि काळजीचे काय, तसेच काही मुलांच्या वाट्याला अडचणी अधिक का येतात, हे समजून घेतले पाहिजे.

वयाचा गुण आणि खरी अडचण

दोन ते चार वर्षांच्या मुलाची इच्छाशक्ती त्याच्या भाषेपेक्षा वेगाने वाढत असते. काय हवे ते त्याला पक्के कळते; परंतु ते सांगण्यास शब्द पुरत नाहीत आणि थांबून राहण्याची शक्ती तर नुकतीच अंकुरत असते. अशा वेळी राग सर्व शरीराने बाहेर पडतो. मूल हातपाय आपटते, किंचाळते, डोके मागे टाकते. कॅनडातील संशोधक रिचर्ड ट्रेम्बले यांनी मुलांचा बालवयापासून वर्षानुवर्षे मागोवा घेऊन असे दाखविले की, मारणे, ढकलणे, चावणे यांसारख्या कृती आयुष्याच्या दुसऱ्या व चौथ्या वर्षांच्या दरम्यान सर्वांत अधिक घडतात आणि त्यानंतर बहुतेक मुलांत त्या कमी होत जातात. म्हणजे माणूस मारामारी करावयास शिकतो असे म्हणण्यापेक्षा, मारामारी न करता आपले म्हणणे मांडावयास शिकतो, असे म्हणणे अधिक यथार्थ होय.

भीतीचेही तसेच आहे. अंधार, मोठा आवाज, अनोळखी माणूस यांची भीती या वयात वाटणे स्वाभाविक आहे. पाच वर्षांच्या आतील मुलाने रात्री अंथरूण ओले केले तर त्याची गणना विकारात होत नाही. काही मुले रडता रडता श्वास कोंडून धरतात, निळी किंवा पांढरीफटक पडतात आणि क्षणभर शुद्धही हरपतात. हे दृश्य पाहून घरातील माणसांचा धीर सुटतो. परंतु मूल हे मुद्दाम करीत नसते, काही क्षणांत श्वास आपोआप सुरू होतो आणि वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास ही खोड बहुधा नाहीशी होते. असे पहिल्यांदा घडल्यास मूल वैद्याला अवश्य दाखवावे, कारण त्यामागे कधी कधी शरीरातील लोहाची उणीव असते. माती, भिंतीचा चुना किंवा पाटीवरची पेन्सिल खाण्याच्या सवयीमागेही हीच उणीव असू शकते.

मग अडचण कशाला म्हणावयाचे? एकेका लक्षणावरून हे ठरविता येत नाही. तज्ज्ञ चार गोष्टी पाहतात. हे वागणे किती दिवस चालले आहे? त्याच वयाच्या इतर मुलांच्या मानाने ते किती वारंवार व किती तीव्र आहे? ते एकाच ठिकाणी घडते, की घरी, बालवाडीत, आजोळी सर्वत्र घडते? आणि त्यामुळे मुलाचे खाणे, झोपणे, खेळणे, बोलणे व इतरांत मिसळणे यांत अडथळा येतो काय? यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. दिवसातून एकदा त्रागा करणारे, पण उरलेला वेळ आनंदाने खेळणारे मूल आणि कधीच त्रागा न करणारे, पण कशातच न रमणारे मूल यांची तुलना केली, तर काळजी दुसऱ्याची अधिक करावयास हवी.

येथे एक भेद ध्यानात घेणे जरूर आहे. काही अडचणी बाहेर प्रकट होतात. मारणे, मोडतोड करणे, क्षणभरही स्वस्थ न बसणे, प्रत्येक गोष्टीला विरोध करणे या त्या होत. दुसऱ्या प्रकारच्या अडचणी आत राहतात. सततची भीती, आईपासून क्षणभरही दूर न होणे, खिन्नता, अबोलपणा, कारणाशिवाय पोट दुखणे यांत त्या दिसतात. पहिल्या प्रकारचा त्रास इतरांना होतो, म्हणून त्याची तक्रार होते. दुसऱ्याचा त्रास केवळ मुलालाच होतो. त्यामुळे पुष्कळदा तो 'शहाण्या' मुलाचा गुण म्हणून खपून जातो.

अशी मुले किती?

लंडन शहराच्या वॉल्थम फॉरेस्ट या विभागात नाओमी रिचमन, जिम स्टीव्हन्सन व फिलिप ग्रॅहम यांनी तीन वर्षांच्या मुलांची एक पाहणी केली व तिचा वृत्तान्त १९८२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यांना शेकडा सुमारे ७ मुलांत मध्यम ते तीव्र स्वरूपाच्या, आणि आणखी शेकडा सुमारे १५ मुलांत सौम्य स्वरूपाच्या अडचणी आढळल्या. या पाहणीचे खरे महत्त्व तिच्या पुढील भागात आहे. तीच मुले आठ वर्षांची झाल्यावर त्यांना पुन्हा तपासण्यात आले. तिसऱ्या वर्षी अडचणी असलेल्या मुलांपैकी शेकडा सुमारे ६० मुलांच्या अडचणी तेव्हाही कायम होत्या. तुलनेसाठी निवडलेल्या इतर मुलांत हे प्रमाण शेकडा सुमारे २० होते. 'मोठे झाले की सुटेल' हे वचन कित्येकांच्या बाबतीत खरे ठरले. पण निम्म्याहून अधिकांच्या बाबतीत ते खोटे ठरले.

भारतात बंगळूर येथे शहरी मध्यमवर्गीय वस्ती, झोपडपट्टी व खेडी अशा तिन्ही ठिकाणच्या सोळा वर्षांपर्यंतच्या २,०६४ मुलांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांत मानसिक व वर्तनविषयक विकारांचे प्रमाण शेकडा १३.८ आढळले. श्वास कोंडून धरणे, माती खाणे व बोलण्यात मागे पडणे ही त्यांतील प्रमुख होत. तिन्ही वस्त्यांतील प्रमाणांत लक्षणीय फरक नव्हता. हा प्रश्न केवळ शहरातील लाडावलेल्या मुलांचा आहे, अशी जी समजूत आहे तिला या आकड्यांत आधार सापडत नाही.

जोखमीचा घटक म्हणजे काय?

ज्या परिस्थितीत एखादी अडचण उद्भवण्याचा संभव वाढतो, त्या परिस्थितीस जोखमीचा घटक म्हणतात. संभव वाढतो याचा अर्थ अडचण येतेच असा नव्हे. निसरड्या वाटेने जाणारा प्रत्येक जण पडत नाही. परंतु कोरड्या वाटेपेक्षा तेथे पडणारे अधिक असतात. मुलांच्या बाबतीत असे घटक तीन ठिकाणी शोधावे लागतात : मुलाच्या स्वतःच्या ठायी, घरात आणि घराबाहेरच्या परिस्थितीत.

मुलाच्या ठायी असलेल्या घटकांत प्रथम येतो तो जन्मजात स्वभावधर्म. अलेक्झांडर थॉमस व स्टेला चेस या दांपत्याने न्यूयॉर्क येथे १९५६ साली सुमारे १३० मुलांचा अभ्यास सुरू केला व तो ती मुले प्रौढ होईपर्यंत चालविला. तान्हेपणापासूनच मुलामुलांत फरक असतो, असे त्यांना दिसले. शेकडा सुमारे ४० मुले शांत व नियमित होती. शेकडा सुमारे १० मुलांच्या झोपेला व भुकेला वेळ नव्हती. नव्या गोष्टीला ती बिचकत आणि आपला विरोध मोठ्याने व्यक्त करीत. शेकडा सुमारे १५ मुले नव्या परिस्थितीला हळूहळू सरावत. उरलेली कोणत्याच एका गटात बसत नव्हती. पुढे ज्यांच्यात अडचणी उद्भवल्या त्यांत दुसऱ्या गटातील मुलांचा भरणा मोठा होता.

परंतु या दांपत्याचा खरा निष्कर्ष याहून सूक्ष्म आहे. स्वभावाने कठीण मूल म्हणजे बिघडलेले मूल नव्हे. मुलाचा स्वभाव आणि घराची अपेक्षा यांचा मेळ बसला, तर तेच मूल चांगले वाढते. त्यांनी न्यूयॉर्कमधील पोर्तोरिकन कामगार कुटुंबांचाही अभ्यास केला. त्या घरांत मुलांना झोप येईल तेव्हा झोपू देत; त्यामुळे अनियमित झोपेच्या मुलांची शाळेपूर्वी काहीच तक्रार नव्हती. शाळा सुरू झाली, सकाळी ठरल्या वेळी उठणे भाग पडले, आणि मग तक्रारी उद्भवल्या. मूल पूर्वीचेच होते. अपेक्षा तेवढी बदलली होती.

शरीराच्या प्रकृतीचाही येथे मोठा भाग असतो. मुदतीपूर्वी किंवा फार कमी वजनाने जन्मलेले मूल, नीट ऐकू न येणारे मूल, बोलण्यात मागे पडलेले मूल यांच्या वाट्याला अडचणी अधिक येतात. ज्याला शब्दांनी सांगता येत नाही ते हातांनी सांगते. लोहाच्या उणिवेचा परिणामही केवळ रक्तापुरता मर्यादित नसतो. कोस्टारिकात बेट्सी लोझॉफ यांनी तान्हेपणी लोहाची तीव्र उणीव असलेल्या मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेतला, तेव्हा पुढील वयात त्यांच्यात चिंता, खिन्नता व चंचल लक्ष यांचे प्रमाण इतरांहून अधिक आढळले. भारतात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाची शेकडा ६७ मुले रक्तक्षयी होती, हे येथे ध्यानात ठेवावे.

घर

लहान मुलाचे मन आईच्या, किंवा त्याला सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या, चेहऱ्याशी बोलत बोलत वाढते. मूल हसते, आई हसते. मूल बोट दाखवते, आई त्या वस्तूचे नाव सांगते. १९७८ साली एडवर्ड ट्रॉनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. बाळाशी खेळणाऱ्या आईला त्यांनी थोडा वेळ चेहरा पूर्ण निर्विकार ठेवण्यास सांगितले. बाळाने हसून, आवाज काढून, हात पुढे करून तिला पुन्हा खेळात ओढण्याचा प्रयत्न केला. यश आले नाही तेव्हा त्याने तोंड फिरविले व ते मलूल झाले. प्रयोगात हे दोन-तीन मिनिटेच चालते. आईला दीर्घकाळ मानसिक विषण्णतेने ग्रासले असेल, तर मुलाला असे प्रतिसादशून्य क्षण महिनोन्‌महिने सोसावे लागतात.

ही विषण्णता विरळा नाही. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा २३ मातांत ही अवस्था आढळली. दारिद्र्य, पतीशी बिघडलेले संबंध आणि मुलगा हवा असता मुलगी होणे, ही तिची प्रमुख कारणे होती. तेव्हा मुलाच्या अडचणीबद्दल आईला दोष देणे शास्त्रीय दृष्ट्या चूक आहे. बहुधा तीही त्याच परिस्थितीची बळी असते, आणि तिच्यावर झालेले उपचार हे मुलावर झालेलेच उपचार ठरतात.

आईबापांतील सततचे भांडण हा दुसरा मोठा घटक होय. मूल भांडणाचा विषय समजू शकत नाही, पण आवाज समजते. आणि कित्येकदा भांडण आपल्यामुळेच झाले असे मानते. तिसरा घटक म्हणजे मारझोड. वर सांगितलेल्या बंगळूरच्या पाहणीत शारीरिक मार आणि आईबापांचा मानसिक आजार यांचा मुलांच्या विकारांशी स्पष्ट संबंध दिसून आला. मार आणि हट्ट यांचे चक्र कसे फिरते, याचे विवेचन अमेरिकेतील जेराल्ड पॅटरसन यांनी केले आहे. मूल रडून काही मागते. आई नाही म्हणते. मूल आवाज चढविते. थकलेली आई ती वस्तू देऊन टाकते. मुलाला धडा मिळतो की, मोठ्याने रडले म्हणजे मिळते. दुसऱ्या दिवशी आई हात उगारते. मूल गप्प होते. आता आईला धडा मिळतो की, मारले म्हणजे भागते. दोघेही एकमेकांना नकळत शिकवीत असतात, आणि प्रत्येक फेरीगणिक आवाज व मार दोन्ही वाढत जातात.

प्रिय व्यक्तीचा अकस्मात वियोग हाही जोखमीचा घटक आहे. लंडनमधील जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक चित्रपट तयार केला. शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेली दोन वर्षांची एक मुलगी त्यात दाखविली आहे. त्या काळी आईला मुलाजवळ राहू देत नसत. अशी मुले प्रथम आक्रोश करतात, मग निराश होतात आणि शेवटी अलिप्त होतात, असे रॉबर्टसन यांचे निरीक्षण होते. परिचारिकांना ही शेवटची अवस्था 'रुळलेली' वाटे. प्रत्यक्षात मुलाने आशा सोडलेली असे. पुढे १९५९ साली ब्रिटनमधील एका सरकारी समितीने आईबापांना मुलांना भेटण्याची पूर्ण मोकळीक असावी आणि लहान मुलांबरोबर आईलाही रुग्णालयात राहू द्यावे, अशी शिफारस केली.

एकावर एक भर

यांपैकी एखादा घटक बहुतेक घरांत असतोच. मग सर्वच मुलांत अडचणी का दिसत नाहीत? ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी आइल ऑफ वाइट हे बेट व लंडनचा एक विभाग येथील दहा वर्षे वयाच्या मुलांच्या अभ्यासातून याचे उत्तर दिले. आईबापांतील तीव्र बेबनाव, दारिद्र्य, घरातील दाटी, पित्याची गुन्हेगारी, आईचा मानसिक आजार आणि मुलाला घरापासून दूर संस्थेत ठेवावे लागणे, असे सहा घटक त्यांनी तपासले. यांपैकी एकच घटक असलेल्या मुलांत विकाराचे प्रमाण एकही नसलेल्या मुलांइतकेच होते. दोन घटक एकत्र आले की ते सुमारे चौपट झाले, आणि चार किंवा अधिक घटक असता त्याहूनही पुष्कळ वाढले. ओझे एका मर्यादेपर्यंत पेलते; त्यापुढे प्रत्येक नवे वजन आधीच्या वजनांशी मिळून भार वाढविते.

या निष्कर्षात मोठा दिलासा आहे. कुटुंबावरील सगळी संकटे दूर करणे कोणालाच शक्य नसते; पण चारांपैकी एक-दोन ओझी उतरविता आली, तरी मुलाच्या दृष्टीने फार मोठा फरक पडतो.

तरून जाणारी मुले

हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर व रूथ स्मिथ यांनी दीर्घकाळ मागोवा घेतला. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले दारिद्र्य, जन्मवेळची गुंतागुंत, घरातील कलह, आईबापांचे मद्यपान किंवा मानसिक आजार अशा अनेक घटकांच्या एकत्रित छायेत वाढली. त्यांच्यातील दोनतृतीयांश मुलांना पुढे गंभीर अडचणी आल्या. उरलेली एकतृतीयांश मात्र कर्तबगार, आत्मविश्वासू व इतरांची काळजी घेणारी माणसे झाली. या मुलांमागे कोणते बळ होते, याचा शोध घेता असे आढळले की, त्यांतील बहुतेकांना लहानपणी निदान एक तरी माणूस असा लाभला होता, ज्याचे त्यांच्यावर अढळ प्रेम होते. तो माणूस आई किंवा बापच असे, असे नाही. कोणाची आजी, कोणाचा थोरला भाऊ, तर कोणाचे शेजारी वा शिक्षक होते.

असे बळ बाहेरून पुरविता येते काय? जमैकाच्या किंग्स्टन शहरात १९८६-८७ साली उंची खुरटलेल्या १२९ बालकांवर एक प्रयोग सुरू झाला. सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर यांच्या योजनेनुसार काही बालकांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जाई. घरगुती साहित्यापासून केलेली खेळणी घेऊन मुलाशी कसे खेळावे व बोलावे हे ती आईला दाखवी. हे काम दोन वर्षे चालले. ही बालके बावीस वर्षांची झाली तेव्हा, अशा भेटी न मिळालेल्यांच्या मानाने, त्यांच्यात हिंसक वर्तन व खिन्नता कमी होती आणि कमाई शेकडा सुमारे २५ अधिक होती.

घरी व बालवाडीत

यावरून काही व्यवहार्य गोष्टी निष्पन्न होतात. दिवसाचा क्रम शक्य तितका ठराविक ठेवावा. पुढे काय होणार हे ठाऊक असले म्हणजे मुलाची निम्मी भीती ओसरते. मुलाने चांगले काही केले तर ते तत्काळ व नेमक्या शब्दांत सांगावे. नियम थोडे असावेत, पण आज एक व उद्या दुसरा असे होऊ नये. त्रागा चालू असताना उपदेश करू नये आणि मारही देऊ नये. मुलाला इजा होणार नाही एवढे पाहून शांतपणे जवळ थांबावे, व राग ओसरल्यावर त्याच्या भावनेला नाव द्यावे. 'तुला राग आला होता' हे वाक्य मुलाला पुढच्या वेळी हातांऐवजी शब्द वापरण्यास शिकविते.

बालवाडीचे स्थान याहून कमी नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे व पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे कार्य केले, त्यात मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात नेली. मुलाला अपेक्षेत बसविण्याऐवजी अपेक्षा मुलापर्यंत नेण्याचा हा मार्ग, न्यूयॉर्कच्या अभ्यासात पुढे जे सूत्र सापडले त्याच्याशी जुळणारा आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारतात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्याद्वारे अंगणवाडी देशभर पोहोचली. अबोल मूल प्रथम कोणाच्या ध्यानात येण्यासारखे असेल, तर ते तेथील सेविकेच्या; कारण एकाच वयाची अनेक मुले तिच्यासमोर एकाच वेळी असतात.

तज्ज्ञाकडे केव्हा जावे? अडचण काही महिने टिकून राहिली, घरी व बाहेर दोन्हीकडे दिसू लागली, मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करू लागले, किंवा आधी येत असलेले बोलणे अथवा खेळणे त्याने सोडून दिले, तर विलंब करू नये. शेवटच्या प्रसंगी तर एक दिवसही वाट पाहू नये. प्रथम कान, वाणी व रक्त तपासून घ्यावे. भारतात २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांच्या अशा तपासणीची तरतूद करण्यात आली. त्याबरोबरच आईच्या प्रकृतीची व मनःस्थितीची चौकशी व्हावयास हवी; मुलाच्या तपासणीत ती बहुधा राहून जाते.

आरंभी उल्लेखिलेल्या तीन मुलांपैकी जमिनीवर अंग टाकणारे मूल कदाचित वर्षभरात आपोआप शांत होईल. चावणाऱ्या मुलाला कदाचित ऐकू कमी येत असेल. आणि पदर न सोडणारी मुलगी कदाचित घरातील भांडणाला भीत असेल. 'हट्टी', 'द्वाड', 'लाजाळू' या शब्दांतून यांपैकी काहीही कळत नाही. ते कळण्यासाठी कोणीतरी मुलाजवळ बसून काही दिवस लक्षपूर्वक पाहावे लागते, आणि मुलाला आधार मिळण्याची सुरुवातही बहुधा तेथूनच होते.